मार्गशीर्षातील मोजदाद

पाश्चात्त्य देशांत लिहिलेली पुस्तके वाचून आकाशाकडे वळलेल्या मराठी माणसाचा पहिला अपेक्षाभंग ऑगस्ट महिन्यात होतो. ययाती तारकासमूहातून होणाऱ्या उल्कावर्षावाचे त्या पुस्तकांत मोठे कौतुक असते. १२-१३ ऑगस्टची उबदार रात्र, सुटीचे दिवस, हिरवळीवर अंथरलेली सतरंजी आणि एकामागून एक सुटणाऱ्या उल्का, असे ते चित्र असते. आपल्याकडे त्या रात्री छपरावर श्रावणाचा पाऊस वाजत असतो. दख्खनच्या पठारावरील आम्हां हौशी निरीक्षकांच्या वाट्याला जो वर्षाव खऱ्या अर्थाने आला, तो मिथुन राशीचा. डिसेंबरच्या १३-१४ तारखांना तो भरात येतो. परतीचा पाऊस केव्हाच सरलेला असतो, हवा कोरडी असते, आणि पहाटेपर्यंत उघड्यावर पडून राहण्याची किंमत म्हणून थंडी तेवढी सोसावी लागते. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध अशी हिवाळ्यातली सारी थोर मंडळी त्या वेळी आकाशात हजर असतात. रात्री दोनच्या सुमारास पुनर्वसूचे दोन तारे जवळजवळ माथ्यावर येतात. या उल्का त्यांच्याजवळच्या एका बिंदूपासून चहूकडे उधळल्यासारख्या दिसतात.

दिसतात, असेच म्हटले पाहिजे. प्रत्यक्षात त्या एकमेकींना समांतर येत असतात. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्याचा भास व्हावा तसा हा उगमाचा भास आहे. १८३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या आकाशात सिंह राशीतून उल्कांचा जो प्रचंड पाऊस पडला, त्यानंतर डेनिसन ओल्मस्टेड या प्राध्यापकाने या भासाचा विचार केला, आणि उल्का वातावरणात तयार होत नसून बाहेरच्या अवकाशातून येतात हे ध्यानात येऊ लागले. एरवी उल्का म्हणजे वाळूच्या कणाएवढा, फार तर वाटाण्याएवढा खडा. मिथुनेचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि आपल्यापासून ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातात. सिंहेच्या उल्का याच्या दुप्पट वेगाने येतात. त्यामानाने मिथुनेच्या उल्का संथ वाटतात. नजर वळवून त्यांना गाठता येते.

बहुतेक वर्षावांचे मूळ एखाद्या धूमकेतूत असते. ययातीच्या उल्कांचे नाते स्विफ्ट-टटल या धूमकेतूशी आहे, हे शियापारेल्ली या इटालियन ज्योतिर्विदाने १८६६ च्या सुमारास दाखवून दिले. मिथुनेच्या वर्षावाचा जनक मात्र शंभराहून अधिक वर्षे सापडत नव्हता. १९८३ साली आयरास या कृत्रिम उपग्रहाने टिपलेल्या चित्रांत सायमन ग्रीन आणि जॉन डेव्हिस यांना एक नवा पिंड आढळला, आणि त्याची कक्षा या उल्कांच्या कक्षेशी जुळते हे फ्रेड व्हिपल यांनी ओळखले. पाच-सहा किलोमीटर व्यासाचा हा पिंड सुमारे १७ महिन्यांत सूर्याभोवती फेरी पुरी करतो आणि तेवढ्यात बुधाच्या कक्षेच्याही आत शिरून सूर्याला खेटून येतो. म्हणून त्याला फेथॉन हे नाव मिळाले. ग्रीक पुराणात सूर्याच्या रथाचे घोडे ज्याला आवरले नाहीत, तो हा सूर्यपुत्र. खडकासारखा असलेला हा पिंड लघुग्रहांत गणला जातो. एवढ्या उल्का त्याने कशा सांडल्या, यावर अभ्यासक अजून विचार करीत आहेत.

ज्याला हा वर्षाव दरवर्षी पाहायचा आहे, त्याला दोन पंचांगे सांभाळावी लागतात. वर्षाव सूर्याचे पंचांग पाळतो. पृथ्वी आपल्या कक्षेत त्याच जागी आली की उल्का येणारच. म्हणून तारीख जवळजवळ ठरलेली. चंद्र मात्र तिथीने चालतो. दत्तजयंती जेव्हा डिसेंबरच्या १३-१४ तारखांवर येते, जशी ती २०१६ आणि २०२४ साली आली, तेव्हा पौर्णिमेच्या प्रकाशात चार ठळक उल्कांवर समाधान मानावे लागते. उलट कार्तिकी अमावस्या १२ डिसेंबरच्या सुमारास आली, तर मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला खंडोबाचा षड्‌रात्रोत्सव बसतो आणि आम्हांला हवा तो काळोखही मिळतो. तारीख आणि तिथी यांचा असा मेळ दर १९ वर्षांनी पुन्हा जवळजवळ तंतोतंत जमतो. १९८५, २००४ आणि २०२३ ही अशा मेळाची तीन वर्षे. या तिन्ही वर्षी मी एकाच माळावर, एकाच दिशेला पाय करून, रात्री एक ते दोन हा एकच तास उल्का मोजल्या. मधली अनेक वर्षेही वहीत आहेत. पण कुठे चंद्र आहे, कुठे ढग आहेत, कुठे जागा निराळी आहे. एकमेकींशेजारी ठेवता येतात त्या एवढ्या तीनच रात्री.

माळ पुण्याच्या आग्नेयेला आहे. दिवे घाट चढून गेल्यावर सासवड आणि जेजुरी यांच्या दरम्यान, रस्त्यापासून आत, एका परिचिताच्या शेताच्या कडेला तो पसरला आहे. खाली अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, वर कुसळी गवत.

उल्का पाहणे आणि उल्का मोजणे या दोन गोष्टींत फरक आहे. पाहणारा ठळक उल्केची वाट पाहतो. मोजणाऱ्याला अंधुक उल्काही तेवढीच मोलाची असते. आधी अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. मग उल्का दिसताच तोंडाने उच्चार करायचा आणि शेजारी बसलेल्याने वहीत रेघ ओढायची. लिहिणाऱ्याच्या विजेरीवर लाल कागद गुंडाळलेला असतो, कारण तांबड्या प्रकाशाने अंधाराला सरावलेली दृष्टी फारशी मोडत नाही. पण या साऱ्याहून महत्त्वाचे काम मोजणी सुरू होण्यापूर्वी करायचे असते. ठराविक ताऱ्यांनी आखलेल्या त्रिकोणात आपल्याला किती तारे दिसतात ते मोजून, आज आपली नजर कितव्या प्रतीच्या ताऱ्यापर्यंत पोहोचते हे नोंदवायचे. निखळ काळोखात निरोगी डोळ्यांना सहाव्या प्रतीच्या जरा पुढचे तारेही दिसतात. त्यात एका प्रतीची घट झाली, तर दिसणाऱ्या मिथुन-उल्का सुमारे अडीच पटींनी कमी होतात. म्हणून प्रतीची नोंद नसलेला उल्कांचा आकडा निरुपयोगी ठरतो. किती दिसल्या याबरोबर किती दिसणे शक्य होते, हेही सांगावे लागते. १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी लोकांच्या अशाच नोंदी एकत्र करीत आली आहे.

आपल्या पूर्वजांनीही उल्कांकडे नुसत्या भयाने पाहिले नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कालक्षणांचा स्वतंत्र अध्याय लिहिला आणि धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार रूपावरून वेगळे केले. स्वर्गात पुण्यफळ भोगून खाली पडणाऱ्यांची ही रूपे, ही त्यामागची कल्पना. आमच्या घरात तारा तुटताना दिसला की आत्या क्षणभर हात जोडीत असे. कुणाचा तरी जीव गेला, एवढेच तिचे म्हणणे. त्या गेलेल्यांची संख्या मांडून ठेवावी असे मात्र कुणाला वाटले नव्हते.

१९८५ साली मी २७ वर्षांचा होतो. ते हॅलेच्या धूमकेतूचे वर्ष. त्या डिसेंबरात संध्याकाळच्या आकाशात दुर्बिणीतून तो धुक्याच्या ठिपक्यासारखा दिसू लागला होता, आणि पुण्यात १९४४ पासून काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांबाहेरचीही कितीतरी माणसे माना वर करून चालू लागली होती. मी आणि माझा एक मित्र सायकली घेऊन घाट चढलो. १३ डिसेंबरच्या रात्री माळावर एवढा काळोख होता की वही कुठे ठेवली ते हाताने चाचपावे लागे. सारथीतून मिथुनेच्या पायांशी उतरणारी हिवाळ्यातली फिकट आकाशगंगा काठाकाठाने स्पष्ट दिसत होती. नजर सहाव्या प्रतीच्या पुढे गेली. एक ते दोन या तासात मित्राने ७४ रेघा ओढल्या. पाच-पाचच्या जुड्यांनी भरलेले ते पान अजून माझ्याजवळ आहे.

२००४ साली वही माझ्या पत्नीच्या मांडीवर होती. वायव्येला, पुण्याच्या बाजूला, क्षितिजावर नारिंगी उजेडाची कमान दिसत होती. जेजुरीच्या औद्योगिक वसाहतीचे दिवेही वाढले होते. माथ्यावरचा काळोख मात्र अजून बऱ्यापैकी शाबूत होता. आकडा ५३. त्या पानावर रेघांखेरीज आणखी काही मजकूर आहे. मी आकाशाबाहेरचे काही ऐकत नव्हतो, ती ऐकत होती. '१.१५ : कोल्हेकुई. १.४० : मोठी, पिवळी, ब्रह्महृदयाकडे. १.५० : खालच्या वस्तीवर कुणी खोकते आहे.' निरीक्षणाच्या शास्त्रात अशा नोंदींना जागा नाही. पण आज ती वही उघडतो तेव्हा त्या रात्रीची शांतता या तीन ओळींतूनच मला कळते. खोकला ऐकू यावा एवढी ती शांतता होती.

२०२३ साल आले तेव्हा ती नव्हती, आणि मी ६५ वर्षांचा झालो होतो. या खेपेस वर्षावाचा मुख्य भर एका रात्रीने पुढे, १४ डिसेंबरला होता. माळावर जाण्यापूर्वीच मला एका प्रश्नाने घेरले होते. आकडा घटणार हे उघड होते. पण तो घटला, तर दोष कुणाकडे लावायचा? रस्तोरस्तीचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले आहेत, आणि पांढऱ्या उजेडातला निळा अंश हवेत अधिक विखुरतो, हे खरे. पण तारुण्यात अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडणारी डोळ्याची बाहुली साठीनंतर पाच मिलिमीटरपर्यंतच उघडते, आणि आत शिरणारा प्रकाश निम्म्यावर येतो, हेही तितकेच खरे. आकाश म्हातारे झाले की मी, हे माझा एकट्याचा आकडा सांगू शकत नव्हता. गेलेल्या दिवसांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक वृद्धाची हीच अडचण असते. पूर्वीचे आंबे गोड होते असे तो म्हणतो, तेव्हा जिभेचा हिशेब कुणी मांडलेला नसतो.

म्हणून मी पुतण्याच्या १४ वर्षांच्या मुलीला बरोबर नेले. दोघांनी पाठीला पाठ न लावता शेजारीशेजारी पडायचे, एकाच भागाकडे पाहायचे, तोंडाने काही बोलायचे नाही, आणि आपापल्या वहीत न पाहताच रेघा ओढायच्या, असे ठरले. तिने विचारले, "आजोबा, अगदी बारीक असली तर मोजायची का?"

"दिसल्याची खात्री असेल तर मोजायची."

"आणि नुसती वाटली तर?"

"तर नाही."

यावर तिने जरा विचार केला आणि मान डोलावली. उल्कांच्या मोजणीतली सगळी नीती तेवढ्यात आली.

माळाच्या खालच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथल्या गोठ्यावर एक दिवा रात्रभर जळत होता आणि तो थेट आमच्या डोळ्यांत येत होता. मी खाली जाऊन वहिनींना तासाभरासाठी दिवा मालवता येईल का, असे विचारले. मागच्या साली बिबट्याने त्याच गोठ्यातून एक शेळी नेली होती. त्या म्हणाल्या, "दिवा घालवला की शेरडं बुजत्यात, दादा. पण तासाभराचंच हाय म्हणताय, तर मी बसते त्यांच्यापाशी." आणि त्या खरोखरच घोंगडी पांघरून तासभर गोठ्यात बसल्या. त्या दिव्यामागे कारण होते. याच भागात शेतीला वीज रात्रीची मिळते तेव्हा माणसे पाणी धरायला बांधावरून चालतात. हातातल्या उजेडाने त्यांचा पाय विंचवा-सापावर पडत नाही. काळोखाची थोरवी गाणाऱ्याने हे विसरू नये. पण तो दिवा मालवल्यावर गोठा तेवढा अंधारला. वायव्येची कमान आता माथ्यापर्यंत चढली होती आणि तिच्यात तसूभरही उणे झाले नाही. ती कमान कुणाच्या शेरडांसाठी नव्हती. झाकण नसलेल्या दिव्यांतून, जाहिरातींच्या फलकांवरून, रिकाम्या आवारांतून वर निसटलेला, कुणाच्याही पायाखाली न पडलेला तो उजेड होता.

दोन वाजता आम्ही वह्या उघडल्या. माझ्या २२, तिच्या ३१. माझी नजर त्या रात्री साडेचारच्या प्रतीपलीकडे फारशी जात नव्हती. तिची पाचपर्यंत जात होती. आकाशगंगा तिलाही दिसली नाही.

एका तासाची मोजणी म्हणजे सिद्धान्त नव्हे. उल्का घड्याळाच्या ठोक्याने पडत नाहीत आणि दोन माणसांचे डोळे कधी सारखे नसतात. तरीही ढोबळ हिशेब मांडता येतो. तिच्या आणि माझ्या आकड्यांत ९ चा फरक आहे. एवढा वाटा माझ्या वयाचा. ७४ आणि ३१ यांतला ४३ चा फरक मात्र माझ्या वयावर घालता येत नाही. चौदा वर्षांच्या, कुठलाही दोष नसलेल्या डोळ्यांनाही त्या दिसल्या नाहीत. मुलगी आनंदात होती. ३१ उल्का तिने आयुष्यात प्रथमच पाहिल्या होत्या, आणि तिच्या दृष्टीने ती भरगच्च रात्र होती. ७४ हा आकडा तिला सांगावा की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग तिन्ही पाने तिच्यापुढे ठेवली.

ती म्हणाली, "मग उल्काच कमी झाल्या असतील." तर्क चुकीचा नव्हता, माहिती अपुरी होती. १८६२ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत हा वर्षाव प्रथम लक्षात आला तेव्हा तासाला पंधरा-वीस उल्का दिसत. गुरूच्या आकर्षणाने या कणांचा प्रवाह हळूहळू पृथ्वीच्या कक्षेकडे सरकत आला आणि वर्षाव वाढत गेला. आज आदर्श काळोखात तासाला १२० हून अधिक उल्का दिसू शकतात. म्हणजे १९८५ च्या मानाने २०२३ साली आमच्या माळावर उल्का अधिक पडत होत्या आणि आम्हांला निम्म्याहून कमी दिसत होत्या. देणाऱ्याने हात आखडलेला नाही. आपलीच ओंजळ उजेडाने भरलेली आहे.

काळोख राखता येतो, याचे दाखले आता आपल्या देशातही आहेत. लडाखमधील हानले येथे २०२२ साली काळोख्या आकाशासाठी राखीव क्षेत्र घोषित झाले. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत तशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. या गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. पण वाघासाठी राखलेल्या रानात ज्या काळोखाला आसरा मिळाला, तो एके काळी सायकलवरून गाठता येत होता, हेही मनातून जात नाही. राखीव क्षेत्र ही दुर्मीळ होत चाललेल्या वस्तूची सोय असते. दिव्याला वरून झाकण घालणे, नको तेव्हा तो मालवणे आणि उजेड जमिनीकडे वळवणे, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. आणि त्यासाठी कुणाला गोठ्यात शेरडांपाशी जागत बसावे लागणार नाही.

परतण्यापूर्वी मुलीने माझी वही मागून घेतली. वेळ, उल्का, प्रत आणि ढग असे चार रकाने मी १९८५ पासून आखत आलो आहे. तिने ते वाचले आणि विचारले, "आजोबा, दिव्यांचा रकाना का नाही?" मी उत्तर शोधत होतो तोवर तिने पाचवी उभी रेघ ओढलीही होती. तिच्या अक्षरात तिथे नोंद आहे : 'वस्तीवरचा १, विनंतीवरून बंद. जेजुरीकडचे व पुण्याकडचे : मोजता आले नाहीत, फार.' पुढचा मेळ २०४२ सालचा आहे. त्या वर्षीही अमावस्या १२ डिसेंबरलाच येते. तेव्हा ती ३३ वर्षांची असेल. वहीच्या पुढच्या पानावर तिने ते साल लिहून ठेवले आहे आणि त्याखाली पाचही रकाने आखले आहेत.